एक मीटर वीस सेंटीमीटर कमी

गेल्या हिवाळ्यात भोकरदनच्या तालुका विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होतो आणि नववीतल्या एका मुलीचे चार गुण मी कापले. चुकीने कापले. त्या चार गुणांमुळे तिचे जालन्याच्या जिल्हा प्रदर्शनाला जाणे हुकले. ही चूक कुणाकुणाची मिळून झाली आणि तीत माझा वाटा किती, हे मी नीट मांडणार आहे. बाकीच्यांपैकी कुणालाही त्याचे काही वाटलेले मला दिसले नाही.

मी जमीन मोजतो. सरकारी भाषेत भूकरमापक, लोकांच्या भाषेत मोजणीवाला. घर जालन्यात मस्तगडला, नोकरी भोकरदनला, रोज एसटीने जाणे-येणे. नोकरीला अठ्ठावीस वर्षे झाली. साखळीने मोजत होतो, आता यंत्राने मोजतो, पण खिशात टेप असतोच. परीक्षक म्हणून खरे तर एका कॉलेजचे प्राध्यापक यायचे होते. ते त्या दिवशी आले नाहीत. मला आकाशाचे वेड आहे हे प्रदर्शन भरले त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी ऑफिसात फोन करून मला बोलावून घेतले. मीही खुशीने गेलो.

त्या मुलीचा प्रयोग टेबलावर मावणारा नव्हता. तिने शाळेच्या वऱ्हांड्यात खांबांना गुंडाळत गुंडाळत एक सुतळी ताणली होती, नववीच्या वर्गाच्या दारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत. सुतळीला जागोजागी रंगीत चिंध्या बांधलेल्या आणि प्रत्येक चिंधीखाली एक कार्ड.

“हे काय आहे?” मी विचारले.

“विश्वाचं वय हाय, सर. एक मीटर म्हंजे शंभर कोटी वर्षं. या दारात महास्फोट अन् त्या टाकीपाशी आज.”

“आणि पहिला उजेड मोकळा झाला तो कुठं दाखवलाय?”

“ते दाखवता येत न्हाई, सर. तीन लाख ऐंशी हजार वर्षं म्हंजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी. सुतळीच दोन मिलिमीटर जाड हाय.”

खरे तर पूर्ण गुण इथेच द्यायला हवे होते. प्रमाण धरून काम करणाऱ्याला काय दाखवता येत नाही हे आधी कळावे लागते. आमच्या खात्यात दहा वर्षे काढूनही ते न कळलेली माणसे मी पाहिली आहेत. पण तीस सेंटीमीटरवर लाल चिंधी होती आणि तिच्याखाली ‘पहिल्या दीर्घिका’ असे लिहिले होते. माझ्या माहितीप्रमाणे दीर्घिका तयार व्हायला याच्या कितीतरी पट वेळ लागला होता. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “नव्या दुर्बिणीनं पाह्यल्यात, सर.” मला ते उद्धट वाटले. मी खिशातून टेप काढला.

मी मोजायला लागलो तशी गर्दी जमली. मोजणीवाल्याला टेप लावताना पाहिले की आमच्याकडे माणसे थांबतातच. पोरांना घेऊन आलेला एक शेतकरी मागून म्हणाला, “साहेब, हद्द कायम करून टाका, म्हंजे बांध घालता येईल.” सगळे हसले. मीही हसलो.

सुतळी तेरा मीटर ऐंशी सेंटीमीटर भरली. खांबांचे वळसे धरून, बरोबर. इतकी बिनचूक लांबी कुणी ताणून दाखवली तर एरवी मी पाठ थोपटली असती.

“पंधरा पाहिजे,” मी म्हणालो. “एक मीटर वीस सेंटीमीटर कमी आहे.”

“न्हाई सर, बराबर हाय. तेराशे ऐंशी कोटी.”

“दीड हजार कोटी. कुठं वाचलंस तू?”

“मॅडमच्या मोबाईलवर. अवकाश संस्थेचं पान हाय ते.”

“मोबाईलवर कुणीही काहीही लिहितं. पुस्तक वाचावं.”

“कोणतं पुस्तक, सर?” तिने वही उघडली.

मी पुस्तकाचे नाव सांगितले, लेखकाचेही. तिने ते लिहून घेतले आणि मग शेवटच्या कार्डाकडे बोट केले. कार्डावर लिहिले होते, ‘दोन सेंटीमीटर इकडे-तिकडे’. “सर, मंग त्या पुस्तकात किती इकडं-तिकडं दिलंय?”

“पुस्तकात नक्की आकडा आहे,” मी म्हणालो आणि पुढच्या टेबलाकडे गेलो.

अचूकतेच्या रकान्यात दहापैकी सहा लिहिले. आम्ही तीन परीक्षक होतो, प्रत्येकाकडे पन्नास गुण. बेरीज झाली तेव्हा दुसऱ्या क्रमांकाचे एकशे एकवीस आणि या मुलीचे एकशे अठरा झाले. जिल्ह्याला दोघेच जाणार होते. निकाल वाचला तेव्हा ती चिंध्या सोडून एका पिशवीत भरत होती. संध्याकाळच्या गाडीत मला झोपही चांगली लागली.

त्या दीड हजार कोटींशी माझे नाते जुने. नोकरी लागायच्या आधी मी जालन्यात खोली करून राहत होतो आणि एका दुकानात ते पुस्तक मिळाले. विश्वाच्या सुरुवातीवर मराठीत, मला समजेल असे लिहिलेले मी वाचलेले ते पहिले पुस्तक. ते मी इतक्यांदा वाचले की त्याचा कणा मोडला. महास्फोट, पहिली तीन मिनिटे, हायड्रोजन, हेलियम, सगळे पाठ. आणि तो आकडा. लग्नानंतर गच्चीवर बसून बायकोला मी जी पहिली माहिती दिली ती हीच. ती म्हणाली होती, “एवढ्या वर्षांत मला एक साडी आणायची राहिली ती राहिलीच.” गणपतीत, लग्नाच्या पंगतीत, मोजणीला गेल्यावर चहाच्या वेळी शेतात, मी तो आकडा किती लोकांना सांगितला असेल याची गणती नाही. शेतकरी माणसाला मोठा आकडा आवडतो. तो मान डोलवतो, मलाही बरे वाटते.

वडील वारले तेव्हा वर्षश्राद्धाला आम्ही भांडी वाटली नाहीत, मस्तगडच्या वाचनालयाला शंभर पुस्तके दिली. आमच्याकडे आता बरेच लोक असे करतात. आतल्या पानावर चिठ्ठी चिकटवतात, अमक्यांच्या स्मरणार्थ. तेव्हा मी माझे हे पुस्तकही देऊन टाकले. वाटले, पाठच आहे, आता दुसऱ्याने वाचावे.

प्रदर्शनानंतर सहा दिवसांनी त्या मुलीच्या विज्ञानाच्या मॅडम माझ्या ऑफिसात आल्या. हातात छापील कागद होते. त्या तक्रार करायला आल्या नव्हत्या, हे त्यांनी तीनदा सांगितले.

“सर, पोरगी ते पुस्तक शोधून राह्यली. मी म्हटलं आधी सरांना विचारावं. आमचंच चुकलं असंल तर शिकवायला बरं पडंल. पण सर, सगळीकडं तेराशे ऐंशीच हाय.”

मी कागद ठेवून घेतले आणि वाचले नाहीत. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. पुरावा टेबलावर होता आणि मी तो बाजूला सारला. माझे म्हणणे होते की पुस्तक दाखवले की प्रश्न मिटला. त्याच संध्याकाळी जालन्याच्या दुकानात गेलो. पुस्तक होते! नवे कोरे, चकचकीत. मुखपृष्ठावर अवकाशातल्या नव्या दुर्बिणीने काढलेले हजारो दीर्घिकांचे छायाचित्र, सातवी आवृत्ती, आणि लाल पट्टीत ‘सुधारित’. मी उभ्या उभ्या पान काढले. विश्वाचे वय दीड हजार कोटी वर्षे. दुकानदाराला म्हणालो, “बघा, अजूनही हेच आहे.” त्याला काही कळले नाही, पण त्याने मान डोलवली.

घरी येऊन पुस्तक बायकोसमोर ठेवले. तिने मुखपृष्ठ पाहिले, मग मला विचारले, “सुधारित म्हणजे काय सुधारलंय हो?”

“मजकूर सुधारला असेल.”

“पण तुमचा आकडा तर तोच आहे म्हणता. आणि तुम्हीच सांगता ना, तेव्हापासून कितीतरी नवीन शोध लागले. मग एवढ्या वर्षांत त्यात काहीच हललं नाही का?”

ती शिक्षिका नाही आणि तिला आकाशाचे वेड नाही. तिला फक्त माल घेताना तारीख बघायची सवय आहे.

मी पुस्तक वाचायला बसलो. शेवटच्या प्रकरणात लिहिले होते की विश्वाचे प्रसरण हळूहळू मंदावते आहे आणि पुढे ते थांबेल की उलटे फिरेल हे ठरायचे आहे. हे मात्र मलाही माहीत होते की असे नाही. प्रसरणाचा वेग वाढतो आहे हे मागच्या शतकाच्या शेवटीच कळले, वर्तमानपत्रांतही आले. तेव्हा मी ते वाचले होते आणि पुस्तकाशी ताडून मात्र पाहिले नव्हते. माणूस पाठ केलेले असे वेगळ्या कप्प्यात ठेवतो. मुखपृष्ठावर ज्या दुर्बिणीचे छायाचित्र, तिचा आत एका ओळीनेही उल्लेख नव्हता. त्या दुर्बिणीला महास्फोटानंतरच्या तीस कोटी वर्षांच्या आसपासच्या दीर्घिका दिसल्या आहेत. आतला मजकूर म्हणत होता की तेव्हा दीर्घिका नव्हत्याच. म्हणजे मुखपृष्ठ आतल्या पुस्तकाला खोटे पाडत होते आणि ते दोन्ही एकाच शिलाईत होते.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या वेळेला मी दारात होतो. ग्रंथपाल बाई मला वडिलांच्या वेळेपासून ओळखतात. त्यांना मी माझी जुनी प्रत मागितली.

“काय भाऊ, दिलेलं दान परत मागून राह्यले का?”

“बघायचंय फक्त.”

“हाय. फाटून चिंध्या झाल्यात. नवी आवृत्ती आली तवा जुनं रद्दीत काढणार होते, पण आत चिठ्ठी हाय ना तुमच्या वडलांची. स्मरणार्थची पुस्तकं आपण काढत न्हाई. लोकायला वाटतं आमचा माणूस रद्दीत घातला.”

त्या प्रथेमुळे त्या वाचनालयात काय काय पडून आहे ते मी पाहिले आहे. गेलेल्यांच्या नावाने कालबाह्य कायदे, बंद पडलेल्या औषधांची माहिती आणि जुने नकाशे. पण त्या दिवशी त्या प्रथेने माझे डोळे उघडले. मी ते पान काढले. दीड हजार कोटी, बरोबर तिथेच. आणि आकड्याच्या डोक्यावर एक बारीक फुली होती. पानाच्या तळाशी चार ओळींची टीप. लेखकाने स्वच्छ लिहिले होते की हा आकडा मोजलेला नाही, निरनिराळ्या शास्त्रज्ञांचे अंदाज एक हजार ते दोन हजार कोटींच्या दरम्यान आहेत, सोयीसाठी मधला घेतला आहे आणि पुढच्या काही वर्षांत तो बदलणार हे वाचकाने धरून चालावे.

मी ते पुस्तक किती वेळा वाचले होते. टीप एकदाही वाचली नव्हती. वाचली असली तर लक्षात ठेवली नव्हती. मुलगी मला विचारत होती, किती इकडं-तिकडं, आणि लेखकाने त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवले होते. पाचशे कोटी इकडे, पाचशे कोटी तिकडे. तिच्या सुतळीवर पाच मीटर. ती दोन सेंटीमीटरपर्यंत आली होती आणि मी पाच मीटर ढिला आकडा घेऊन तिची लांबी तपासली. मोजणीला गेल्यावर कुणी पाच मीटरची चूक केली असती तर मी त्याला शेतातून परत पाठवला असता.

मग नवी आवृत्ती शेजारी ठेवली. तेच पान, तोच आकडा. फुली नाही. टीप नाही. मी पूर्ण पुस्तक लावून पाहिले. जुन्यात एकतीस तळटिपा होत्या. नव्यात एकही नाही.

तेव्हा मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही. मला वाटले होते पुस्तक जुने झाले. जुने होणे हा पुस्तकाचा गुन्हा नाही. लेखकाला त्याच्या काळात जेवढे माहीत होते तेवढे त्याने सांगितले आणि काय माहीत नाही तेही सांगितले. सुधारणाऱ्याने खोटे काही घातले नव्हते. जे खरेपणाचे होते तेवढे काढून टाकले होते.

आतल्या पानावर प्रकाशनाचा फोन नंबर होता. मी वाचनालयाच्या पायरीवर बसून लावला. फोन उचलणारे गृहस्थ गोड बोलत होते.

“सुधारित आवृत्ती म्हणून छापलंय. काय सुधारलं ते सांगता का?” मी विचारले.

“मुखपृष्ठ नवीन केलं ना, साहेब. कागद चांगला घातला. टाइप मोठा केला, ज्येष्ठ वाचकांची फार तक्रार होती.”

“आणि मजकूर?”

“मजकूर लेखकाचा. लेखक आता हयात नाहीत. त्यांच्या शब्दाला आम्ही हात लावत नाही. ते आमचं तत्त्व आहे.”

“मग तळटिपा कोणी काढल्या?”

“त्याचं असं आहे, टाइप मोठा केला की पानं वाढतात. छपाई सोळा सोळा पानांच्या फर्म्यात होते. चार पानं जास्त झाली तरी अख्खा फर्मा वाढतो. तळटिपा काढल्या आणि बरोबर बसलं.”

“म्हणजे हात लावला.”

“अहो, तळटिपा कोण वाचतं?”

मीही त्या वाचल्या नव्हत्या, आणि त्याचाच जास्त राग आला. मी म्हणालो, निदान एक चिठ्ठी छापून उरलेल्या प्रतींत घाला. ते म्हणाले, पुढच्या आवृत्तीच्या वेळी बघू, आजवर एकही तक्रार नाही, उलट शाळांकडून चांगली मागणी आहे.

शाळांकडून. हे त्यांनी मला आनंदाची बातमी म्हणून सांगितले.

आमच्या जिल्ह्यात बियाण्याचे पाकीट घ्या, त्यावर तारीख असते. ती उलटली तर दुकानदार पाकीट ठेवत नाही, ठेवले तर शेतकरी त्याला जाब विचारतो. औषधाच्या गोळ्यांच्या पट्टीवर तारीख असते. दिनदर्शिकेवर तर मोठ्या अक्षरात वर्षच असते. विज्ञानाच्या पुस्तकाला ‘कुठवरचे माहीत’ हे सांगायची लाज का वाटावी? आणि बाकी कुठे नसेल माहीत, पण ज्या देशात सात-बारा आहे तिथे तरी ही पद्धत शिकवायला नको. सात-बाऱ्यावर नाव बदलले की जुने नाव आम्ही खरवडून काढत नाही. त्याला कंस करतो. खाली नवे नाव लिहितो आणि शेजारी फेरफाराचा नंबर. कुणी, केव्हा, कशाच्या आधारे बदलले हे पन्नास वर्षांनंतर अडाणी माणसालाही काढून दाखवता येते. एक गुंठा इकडचा तिकडे झाला तर आम्ही एवढे करतो. इथे एकशे वीस कोटी वर्षे जास्तीची नांदत होती आणि ज्याच्याकडे दप्तर होते त्याने कंस तर केला नाहीच, उलट शेजारचा शेरा खोडला.

त्यानंतर मॅडमने दिलेले कागद वाचले. चार दिवस वाचत होतो. विश्वातला सर्वांत जुना उजेड आता इतक्या बारकाईने मोजला आहे की वय तेराशे ऐंशी कोटींच्या आसपास निघते आणि चूक एक-दोन कोटींची. तरीही प्रसरणाचा वेग दोन रीतींनी मोजला तर दोन आकडे येतात, शास्त्रज्ञांच्या एककात सदुसष्टच्या आसपास आणि त्र्याहत्तरच्या आसपास, आणि त्यांचा मेळ अजून बसलेला नाही. हे वाचून मला बरे वाटले. दोन मोजण्या जुळत नाहीत असे उघड सांगणारा माणूस भरवशाचा असतो.

कॅलेंडर पाहिले तर प्रदर्शनाला अकरा दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आयोजन समितीच्या प्रमुखांकडे गेलो. त्यांना सगळे सांगितले, वाचनालयातून मागून आणलेली जुनी प्रत आणि नवी आवृत्ती दाखवली, माझी गुणपत्रिका दुरुस्त करायला मागितली.

“साहेब, तुम्ही एकदा दिलेली हद्द बदलता का?”

“चूक असली तर फेरमोजणी होते.”

“ती अर्ज आल्यावर. हितं कुणाचा अर्ज हाय?”

“माझा आहे.”

“परीक्षकाला अर्ज करता येत न्हाई.” ते हसले. “अन् समजा तुमचे चार धरले. पोरगी दुसरी आली. मंग आता जी दुसरी हाय तिचं नाव काढू का? तिनं काय केलं?”

तिने काहीच केले नव्हते. तिचा ठिबकचा प्रयोग चांगला होता. मी म्हणालो, “तिघांना पाठवा.”

“दोन म्हंजे दोन. अन् यादी कधीच गेली. तुम्ही नाहक जीवाला लावून घेता, साहेब. शंभर-दोनशे कोटी वर्षांनी काय फरक पडतो? आपण तवा हुतो का?”

टेबलाभोवतीचे सगळे हसले. त्या हसणाऱ्यांत कुणी वाईट नव्हते. पण तो प्रश्न दिवसभर माझ्या डोक्यात ठोके मारत राहिला. काय फरक पडतो. फरक पडत नाही तर कापताना का पडला?

जिल्हा प्रदर्शन माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होते. मी गेलो. मुलीच्या जागी कुणी काही मांडले होते असे नाही, तिची जागाच नव्हती. एका कोपऱ्यात दुसऱ्या तालुक्याच्या शाळेचा ‘विश्वाचा जन्म’ असा तक्ता होता. रंगकाम सुंदर. मध्यभागी मोठ्या अक्षरात, दीड हजार कोटी वर्षे. मी तिथल्या सरांना म्हणालो की हा आकडा जुना आहे. त्यांनी पिशवीतून पुस्तक काढले आणि लाल पट्टीवर बोट ठेवले.

“सुधारित आवृत्ती आहे, साहेब,” ते म्हणाले. आवाज अगदी माझा होता.

मी त्यांना वाद न घालता जेवढे सांगता आले तेवढे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, आभार मानले. जेवणानंतर परत त्या बाजूला गेलो तर तक्ता तसाच होता आणि त्याखाली परीक्षकांची बरोबरची खूण पडलेली होती.

सोमवारी ऑफिसला अर्धा दिवस रजा टाकून मी त्या मुलीच्या गावी गेलो. मॅडमना आधी फोन केला होता. नववीच्या वर्गात उभे राहून मी सगळे सांगितले. आकडा कुणाचा बरोबर होता, मी कोणत्या आधाराने कापले, तो आधार कसा निघाला, तळटीप काय होती. माफी मागितली. पोरे माझ्याकडे बघत होती, मोठा माणूस असे काही बोलताना त्यांनी फारसे पाहिलेले नसावे. मुलगी दुसऱ्या बाकावर होती. मला वाटले ती रडेल किंवा लाजेल.

ती उभी राहिली. “सर, मंग मला जालन्याला जाता येईल का?”

“नाही. प्रदर्शन झालं. मी प्रयत्न केला, पण झालं नाही.”

“मंग हे सांगून काय उपयोग?”

“अगं,” मॅडम म्हणाल्या, “सर एवढ्या लांबून आले...”

“असू द्या,” मी म्हणालो. “तिचं बरोबर आहे.”

मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटले, “मोजणीवाल्याचं तोंडी न्हाई चालत, लेखी घे.” वर्गात खसखस पिकली. त्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी आमच्या खात्याचे हेलपाटे घातलेला कुणी ना कुणी असणार. मॅडमने डोळे वटारले. पण मुलगी हसली नाही. तिने वहीचे मधले पान नीट, दोन पाने निघतील असे काढले आणि माझ्यापुढे ठेवले.

“खरंच लिहून द्या, सर.”

मी टेबलाशी बसून लिहिले. तालुका प्रदर्शनात मी परीक्षक असताना अचूकतेच्या रकान्यात चार गुण कापले, विद्यार्थिनीने दाखवलेली लांबी तेरा मीटर ऐंशी सेंटीमीटर, मी स्वतः टेपने मोजलेली, आजच्या माहितीप्रमाणे बरोबर होती, माझा आकडा कालबाह्य होता, चूक माझी. खाली सही, हुद्दा. तिने उभ्याने पूर्ण वाचले.

“तारीख राह्यली, सर.”

मी तारीख घातली.

“हे ठेवून काय करणारेस?” मॅडमने विचारले.

“पुढच्या वर्षी दहावीत परत सुतळी लावणार हाय,” ती म्हणाली. “अन् पुढच्या वर्षीबी हेच सर आले तर?”

या वेळी वर्ग मोठ्याने हसला आणि मॅडमनेही अडवले नाही. तिने कागदाची घडी घातली, भूमितीच्या डब्यात ठेवली आणि डबा बंद करून बसली. मी दुपारच्या गाडीने भोकरदनला परतलो. प्रकाशनाला रजिस्टर पोस्टाने पत्र टाकले, एकतीस तळटिपांची पानवार यादी जोडून. पोच आली आहे. उत्तर अजून नाही.